बॉनेटवरचे दोन उन्हाळे

लेक फोनवर रडली असती, चिडली असती, नाहीतर नेहमीसारखी "बघू गं" म्हणून गप्प बसली असती, तर आईला एवढी काळजी वाटली नसती. पण परवा संध्याकाळी ती म्हणाली, "आई, शंभर टक्के. अगदी डोळे झाकून." आणि तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

कारण ही मुलगी डोळे झाकून काही करणाऱ्यांतली नव्हतीच. लहानपणी दुधाचा पेला तोंडाला लावण्याआधी त्यात बोट बुडवून बघायची. कुलूप लावलं की पुन्हा मागे येऊन ते ओढून बघायची. मग रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्यावर विचारायची, "नक्की लागलं होतं ना?" शाळेत बाई म्हणायच्या, हिला उत्तर येतं, पण हात वर करेपर्यंत तास संपतो. असली मुलगी शंभर टक्के म्हणते म्हणजे काय? दोन दिवस भाजी चिरताना, दात घासताना, बसची वाट बघताना आईच्या कानात तेच घुमत होतं. नवऱ्याला तिने बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "अगं, पोरीला एकदाचा स्वतःवर विश्वास आला, तर त्याचंही तुला दुखणं?" पण घोर काही गेला नाही.

घरात मुलीला डिंकू म्हणत. हातात चिकट काही आलं की ते कुठेतरी लागल्याशिवाय राहायचं नाही. बरण्यांवरचे कागद भिजवून, अलगद सोलून ती फ्रिजवर लावायची, दारावर लावायची, बाबांच्या बुटाच्या तळव्याला लावायची. एकदा मुक्कामाला आलेले काका दुपारचे घोरत होते. त्यांच्या टकलावर तिने औषधाच्या बाटलीचा कागद इतका बेमालूम बसवला की काका तसेच संध्याकाळी लोकांकडे चहाला जाऊन आले. डोक्यावर लिहिलेलं, "थंड व कोरड्या जागी ठेवावे." काका महिनाभर फिरकले नाहीत. बाबा मात्र ती गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना दरवेळी तो कागद थोडा मोठा होतो.

मुलगी शिकली, पदवीधर झाली, विम्याच्या कचेरीत खुर्ची मिळाली. त्या कचेरीच्या खिडकीतून समोरचं एक कारखानावजा दुकान दिसायचं. सकाळी आत गेलेली राखाडी व्हॅन संध्याकाळी निळीशार होऊन बाहेर यायची. रंगाचा वास नाही, फवारा नाही. गाडीला नुसती नवी कातडी चढवलेली. डिंकू जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभी राहू लागली. आधी दारात, मग दाराच्या आत, मग कापलेले तुकडे गोळा करत. वर्षभरात तिने विम्याची खुर्ची सोडली.

बाबांनी बरेच दिवस तिच्याशी धड बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी आईकडे बघून म्हणायचे, "मीठ द्यायला सांग." समोरच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "स्टिकर चिकटवते म्हणे तुमची?" आईला त्यावर उत्तर सुचलं, की हो, तुमच्या तोंडाच्या मापाचा निघाला की कळवते. पण ते सुचलं घरात येऊन पाणी प्यायल्यावर.

आई एकदाच त्या दुकानात गेली होती, विसरलेला डबा द्यायला. पत्र्याचं उंच छप्पर, दारं गच्च बंद, धूळ उडू नये म्हणून ओली केलेली फरशी. मधोमध एक व्हॅन, दिवे आणि हँडल काढलेली, दात काढलेल्या माणसासारखी बोळकी. दुकानाच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. जाडजूड माणूस, बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. आणि डिंकू, तिची डिंकू, गुडघ्यावर बसून गाडीवर रंगीत चिकट फिल्म ताणत होती. एका हातात गरम हवेचं यंत्र, दुसऱ्या हातात रबरी पट्टी. दाराच्या खोलगट भागावर फिल्म आधी पुलासारखी अधांतरी होती. ऊब लागली, पट्टी फिरली, आणि गाडीने पोट आत घ्यावं तशी ती फिल्म खळग्यात उतरली. एकही सुरकुती नाही. आईने डबा टेबलावर ठेवला आणि परत आली. त्या रात्री नवऱ्याला एवढंच म्हणाली, "हात चांगला आहे तिचा."

पण त्या गावात नुसत्या चांगल्या हाताने भागत नव्हतं. हवाच तशी. एका अंगाने समुद्र, त्याचा खारा वारा लोखंड खातो. दुसऱ्या अंगाने उघडा माळ, तिथून वाळू उडत येते आणि जाईल तिथे घासते. उन्हाळ्यात गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला तर हाताचा ठसा मागे राहील असं वाटतं, आणि हिवाळ्यात रात्री तोच पत्रा इतका गार पडतो की आक्रसताना कुरकुरतो. दुसरीकडे वर्षानुवर्षं टिकणारी फिल्म इथे भराभर म्हातारी व्हायची. आधी फिकी पडायची, मग कडा उचलायची, मग तडकायची.

डिंकूने आईला हे एकदा स्वयंपाकघरात समजावलं होतं. "आई, फिल्म दोन जातीची. एक लाटलेली आणि एक ओतलेली. लाटलेली कशी, तू पीठ लाटतेस आणि ते मागे मागे येतं, तशी. तिला आपण मोठं केलेलं आवडलेलं नसतं. जरा तापली की परत लहान व्हायला बघते. मग कडेला डिंकाची काळी रेघ दिसते. ओतलेली पातळ ओतून वाळवलेली असते. तिला कुठे परत जायचंच नसतं."

"मग ओतलेलीच घ्यावी की सरळ."

"सगळीकडे नाही परवडत. आणि आता मधल्याही आल्यात, लाटलेल्याच पण सुधारलेल्या. विकायला येतो तो सांगतो, ऊन असो, खार असो, काही होणार नाही. कंपनीच्या कागदावर दहा वर्षं लिहिलंय. पण कुठल्या उन्हात दहा वर्षं, ते नाही लिहिलं."

म्हणून तिला स्वतःच बघायचं होतं. आणि बघायला पत्रा हवा होता, चोवीस तास इथल्याच आभाळाखाली पडलेला.

घरात असा एकच पत्रा होता. बाबांची गाडी. निवृत्त होण्याच्या थोडं आधी घेतलेली, मोतिया रंगाची. तिला ते दर रविवारी लहान मुलाला न्हाऊ घालावं तसे न्हाऊ घालत. चालवत क्वचितच. चालवली की मळते, हे त्यांचं म्हणणं. ती गाडी मागायला डिंकू बाबांसमोर उभी राहिली, तेव्हा आईने गॅस बंद केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

"बाबा, फक्त बॉनेट हवंय. पट्ट्या लावेन वेगवेगळ्या. दोन उन्हाळे."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "डाग राहील?"

"नाही राहणार. पण गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली पाहिजे. आणि हलवायची नाही."

"नाही हलवणार," बाबा म्हणाले. ते तिच्याकडे बघून म्हणाले, आईकडे बघून नव्हे. विम्याची खुर्ची सुटल्यापासून पहिल्यांदा.

डिंकूने बॉनेटवर शेजारी शेजारी पट्ट्या बसवल्या, काचेच्या कडेपासून थेट पुढे, गाडीच्या नाकावरून खाली वळवलेल्या. एक ओतलेली, एक साधी लाटलेली, आणि बाकीच्या त्या सुधारलेल्या. इमारतीतली मुलं गाडीला ठिगळी म्हणायला लागली. समोरच्या बाई म्हणाल्या, "पैज हरलात का हो?" बाबा हसून म्हणाले, "प्रयोग चाललाय आमचा." आमचा. आईने तो शब्द मनात जपून ठेवला. रोज संध्याकाळी डिंकू कामावरून आली की बापलेक गाडीपाशी उभे राहायचे. ती नखाने कडा तपासायची, ते बॅटरी धरायचे. मीठ आता थेट मागितलं जाऊ लागलं.

साधी लाटलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात फुटली. वाळलेल्या तळ्यासारखी भेगाळली. त्यामुळे परीक्षा कडक आहे याची सगळ्यांना खात्री पटली. पण सुधारलेल्यांपैकी एक पट्टी दुसरा उन्हाळाही पार करून गेली. रंग तसाच, कडा जागच्या जागी. ओतलेल्या फिल्मच्या खांद्याला खांदा लावून उभी. फक्त नाकावर, जिथे ती खाली वळली होती, तिथे तेवढी पिवळी पडून चिरली होती. डिंकूने त्याचंही उत्तर शोधलं. "माळावरची वाळू तिथे जास्त घासली असणार. आणि त्या वळणावर मी जास्त ताणली होती. माझ्या हाताची चूक."

मग फिरत्या दवाखान्यांच्या मोठ्या ताफ्याचं काम आलं. दूरच्या, माळापलीकडच्या शहरात. गाड्या दिवसभर उघड्यावर, गावोगाव. उस्ताद म्हणाले, ओतलेलीच लावू, दुसरं काही नको. पण तेवढी ओतलेली वेळेवर मिळत नव्हती, आणि ताफ्याची माणसं घाईला आली होती. तेव्हा डिंकू, कधी हात वर न करणारी डिंकू, सगळ्यांसमोर म्हणाली, "मी ही फिल्म दोन उन्हाळे बघितलीय. बाबांच्या बॉनेटवर." उस्तादांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग तुझ्या शब्दावर." सगळा माल तिच्या शब्दावर आला. ती माणसं घेऊन त्या शहरात गेली. धुवायचं, पुसायचं, हँडल काढायचं काम झालं होतं. उद्या सकाळी पहिल्या गाडीवर फिल्म चढणार होती.

आणि आज दुपारी आई लवकर घरी आली.

ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. आज तिथली वीज गेली, पंखे बंद, वाचणारे घामाने पुस्तकं भिजवायला लागले, तेव्हा सगळ्यांना सोडून दिलं. छत्री धरून ती इमारतीच्या मागून आली, जिथे गाडी उभी असते. गाडी होती. बॉनेट नव्हतं. बॉनेटच्या जागी बैठकीच्या खोलीतला जुना पडदा होता, अस्तर लावलेला, जाड, दोन्ही आरशांना दोऱ्यांनी बांधलेला. आणि बाबा, डोक्याला रुमाल गुंडाळून, त्याची एक गाठ घट्ट करत होते.

"हे काय चाललंय?"

बाबा दचकले. "तू एवढ्या लवकर कशी?"

"मी विचारते, हे काय आहे?"

"पडदा. अगं, केवढं ऊन आहे. मोती रंग उडतो."

"आजच लावलाय?"

बाबांनी गाठीकडे बघितलं. "दुपारी लावतो. ती यायच्या आत काढतो."

"कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून. आधी चादर होती. पण चादर पातळ पडते गं."

आईच्या हातातली छत्री कलली. ऊन सरळ तिच्या डोळ्यांत आलं, तरी तिने ती सावरली नाही. "अहो, त्या पट्ट्या उन्हात ठेवायच्या होत्या."

"होत्याच की उन्हात! सकाळभर असायच्या. सुट्टीच्या दिवशी ती घरी असली की दिवसभर असायच्या. मी वर खिडकीत उभा राहून बघायचो, जीव तुटायचा माझा. दुपारचं तेवढं मी... माणसंसुद्धा दुपारी सावलीला बसतात."

"तुम्ही तिला शब्द दिला होता."

"हलवणार नाही म्हणालो होतो. हलवली नाही." आणि मग जरा अभिमानानेच म्हणाले, "उलट तिच्या पट्ट्याही जपल्या. नाहीतर राहिली असती का ती सुधारलेली एवढी चांगली?"

हे बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. आईला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी भुवया खाली आल्या, मग तोंड तसंच उघडं राहिलं. गाठीवरचा हात तिथेच.

आईने पडदा वर केला. पडदा गाडीच्या नाकाच्या जरा अलीकडे संपत होता. तिथून पुढे पट्ट्यांची टोकं कायम उघडी, सगळ्या दुपारी सोसलेली. तिने वाकून बघितलं. सुधारलेल्या फिल्मचं टोक पिवळं, ठिसूळ, मागे सरलेलं. कडेला ती काळी रेघ. नखाने टोचलं तर खपली निघाली. आणि अगदी शेजारी ओतलेली फिल्म. तेच वळण, तीच वाळू, ताणणारा हातही तोच. तिला काही झालं नव्हतं. मुलीने रोज ही दोन टोकं बघितली होती, आणि दोष मालाला न देता स्वतःच्या हाताला दिला होता. बाकीची पट्टी एवढी धडधाकट असताना दुसरं करणार तरी काय?

घरात येऊन दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पंखा गरम हवा ढवळत होता.

"फार तर काय होईल? कडा सुटतील," बाबा म्हणाले. "पुन्हा चिकटवता येतं."

"गेल्या वर्षी तिने जेवताना काय सांगितलं होतं, आठवतंय? कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवरची फिल्म पुढून सुटली, वाऱ्याने उचलली आणि समोरच्या काचेवर बसली. चालवणाऱ्याला पुढचं काही दिसेना. नशीब, रस्ता मोकळा होता."

"ती दुसऱ्या कुणी लावलेली."

"हो. आणि ही आपली मुलगी लावणार आहे. आत आजारी माणसं बसणार आहेत."

बाबांनी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. "ती आली की सांगू. समोर बसवून, नीट. फोनवर असलं काही सांगतात का?"

"ती येईपर्यंत सगळ्या गाड्या झालेल्या असतील."

खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं. मग बाबा म्हणाले, "मी केलं, मी सांगतो," आणि त्यांनी फोन उचलला. आवाज दोघांना ऐकू यावा म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून बसले, परीक्षेला बसल्यासारखे.

"बाबा!" डिंकूचा आवाज उसळून आला. मागे माणसांचा गलका होता, पाण्याचा फवारा चालू होता. "तुम्ही फोन केलात? तुम्ही?"

"हो. जेवलीस का?"

"आता जेवू. बाबा, ऐका ना, सगळ्या गाड्या धुऊन तयार. रोल पण उघडून बघितला, एकदम सरस. आणि उस्ताद आलेत इकडे. सगळ्यांना काय सांगतायत माहितेय? म्हणतायत, हिच्या वडिलांनी स्वतःची गाडी उन्हात घातली म्हणून आपल्याला कळलं. असा बाप पाहिजे."

बाबांनी खिडकीकडे बघितलं.

"बाबा? आहात ना?"

"आहे. तिकडे ऊन फार आहे का?"

"भट्टी आहे भट्टी. इथल्यापेक्षा आपलं गाव परवडलं."

"टोपी घाल."

"घालते."

"बरं. काळजी घे हं, डिंकू." आणि त्यांनी फोन बंद केला.

ते फोनच्या काळ्या झालेल्या काचेकडे बघत राहिले. मग फोन पालथा घातला. "नाही जमलं गं," ते म्हणाले. "तू पण नको सांगूस. आज नको. एवढी आनंदात होती."

आईला तेच तर सोसत नव्हतं. या घरात या दोघांचे आवाज असे एकमेकांना भेटायला किती काळ गेला होता, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आता आपण बोललो तर तो आवाज बंद होईल. कदाचित पुन्हा मीठ आईकडे बघून मागितलं जाईल, या वेळी मुलीकडून. आणि तिकडे, सगळ्यांसमोर, जिने जन्मात पहिल्यांदा हात वर केला तिला तो खाली घ्यावा लागेल. उस्तादांना सांगावं लागेल, ताफ्याच्या माणसांना थांबवावं लागेल, माल परत पाठवावा लागेल. यापुढे तर ती दुधातही बोट बुडवणार नाही, पेलाच बाजूला सारेल. आईच्या डोळ्यांसमोर तिचा तो चेहरा आला, फोन कानाला लावून भिंतीकडे वळलेला.

नाही बोललो तर? एक उन्हाळा. तिथे पडदा बांधायला कुणी नाही. मग गाड्या एकेक करून परत येतील, तडकलेल्या, कडा फडफडणाऱ्या, आणि डिंकू प्रत्येक गाडीपाशी गुडघ्यावर बसून म्हणेल, माझ्या हाताची चूक. ती चूक ती आयुष्यभर शोधत राहील आणि तिला ती सापडणार नाही, कारण ती तिच्या हातात नाहीच. एखादी गाडी परत येणारही नाही. त्यापुढचा विचार आईने केला नाही.

तिने हात पुसले आणि टेबलावरचा फोन सुलटा केला.

"मला वेळ दे जरा," बाबा म्हणाले. "काहीतरी चांगल्या शब्दांत सांगता येईल."

"चांगले शब्द नाहीत माझ्याकडे. पडदा होता, एवढंच सांगणार आहे. आणि नाकावरचं टोक तिचं तिला आठवेल."

"माझं नाव सांगशील."

"दुसऱ्या कुणाचं सांगू?"

बाबा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं, तिचा स्टँड दोनदा घसरला.

"आधी विचार, उस्ताद जवळ आहेत का," ते म्हणाले. "एकटी असेल तेव्हा सांग."

आईने मान हलवली आणि नंबर लावला.